दात कापलेलं पिल्लू

जनावरांच्या डॉक्टरांकडे मी मांजर घेऊन बसले होते. शेजारच्या बाकावर एका बाईच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं माकडाचं पिल्लू होतं. तिचा धाकटा भाऊ समोर उभा होता.

“ताई, घरी चल. खाईल ते दोन दिवसांत.”

“कशानं खाईल? त्याचं तोंड उघडून बघितलंस कधी? पुढचे दात कापलेत.”

“विकणारा म्हणाला, हे चावत नाही.”

“चावायला ठेवलंय काय त्याच्या तोंडात?”

“मला काय माहीत? तुझ्या भाचीच्या वाढदिवसासाठीच आणलं ना!”

“पोरीला पुढं करू नकोस. ह्याला फ्रॉक घालून व्हिडिओ तू काढत होतास. ह्याची आई कुठंय, विचारलंस त्याला?”

“असेल जंगलात.”

“आई जिवंत असताना तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू कुणाच्या हाती लागतं का रे? तिला मारून ओढून काढतात. बघ, सकाळपासून माझी ओढणी सोडत नाहीये.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत.”

“डॉक्टर वनखात्याला कळवतील. मी आत जाईन, ताई! सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

“म्हणूनच तुला सोबत आणलंय.”

आतून मदतनीस बाई वही घेऊन आल्या.

“माकडाच्या मालकाचं नाव?”

भाऊ दाराकडे वळला. बहिणीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“मालक कुणी नाही. विकत घेणाऱ्याचं लिहा,” ती म्हणाली, आणि तिनं त्याचं नाव आडनावासकट सांगितलं. “विकणाऱ्याचं आता हा सांगेल.”