रॉकेल आणि खडू

अख्ख्या साकीनाक्यात तेलविहिरीचा जुना व्हॉल्व्ह नव्यासारखा करणारा हा धोंडू एकच रे, झेवियर — तसा हे काम घेणारा कारखानाही एकच आहे म्हणा, मग दुसरा येणार कुठून? बस रे. टेम्पोवाल्याला मी चहाला पिटाळलाय. ग्रेस वाट बघत असेल? इतक्या वर्षांनी बायका वाट नाही बघत, घड्याळ बघतात.

हा व्हॉल्व्ह बघ, उद्या तुझ्याबरोबर गुजरातला निघणारा. विहिरीच्या डोक्यावर जन्म काढलाय ह्याने. तेव्हा काम काय, तर खालून आपसूक येणारं तेल अडवायचं, सोडायचं. आता तेल वर येईना, तर तुम्ही पंपाने वरून पाणी नि वाळू कोंबणार, खालचा दगड फोडणार. म्हाताऱ्याच्या छातीवर पैलवान बसवायचा नि वर सांगायचं, हूं की चूं करू नको. माझंच बघ ना — जाऊ दे.

काल प्रेशर दिलं ह्याला. गेजची सुई जागची हलली नाही, मार्तंडशेठ खूश. पण रंग आधीच लागलेला रे. खंडेनवमीला शेठनी हत्यारांबरोबर ह्यालाही लालभडक ऑइलपेंट फासला, झेंडूचा हार घातला — नवरदेवच. बारीक चीर असली तर रंग ती धरून ठेवतो, पण इथे, चहा उकळेपर्यंत. तिथे दिवसभर पंप धडधडणार, तेव्हा रंग काय धरणार, कप्पाळ? आणि तू उभा कुठे असतोस? ह्याच्या शेजारीच ना. हां. म्हणून सकाळपासून खरवडतोय. हात गेले बघ माझे.

मग रॉकेल पाजलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड. चीर असेल तर आतलं रॉकेल वर येतं, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मागे त्या इन्स्पेक्टरसाठी मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवलेली, आठवतं? डबा टाकून पळाला. आणि तू? तुलाही तशीच दाखवली, तर तू माउंट मेरीला मेणबत्तीचा नवस बोललास.

आज नाही रे. आज मस्करीलाही अंगात जोर नाही. पांढरं आहे, सगळं पांढरंच — तसं हल्ली मला बरंच काही पांढरंच दिसतं म्हणा, परवा शेजारच्या मालनला आमची जानकी समजून भाजीत मीठ कमी म्हणून झापली — हसू नको. बोटांना कळतं माझ्या. शेठकडे बोलू नको हां. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे रजा, आणि ह्या वयात रजेवर गेलेला माणूस परत कामाला येत नाही. तू इथे आहेसच, तर एकदा नजर टाक. नुसती. इथे, ह्या बोल्टच्या खाली. उजेडात वाक जरा. काय? मान काय हलवतोस?

“म्हातारा झालास धोंडू, तरी खोड जात नाही तुझी. पूस ती पेन्सिलीची रेघ, आणि चढव टेम्पोत.”