नुसता गॅस

आमचं गाव घोटीच्या वर, डोंगराच्या अंगाला, तिकडं भात आन् नागली, दुसरं काय पिकत नाय, आन् मी लहान व्हते तव्हा अपचन हा शब्दच आमच्याकडं नव्हता बघा. काय सांगू तुम्हाला, अपचन व्हायला आधी पोट भरावं लागतं. कुणाचं पोट दुखलंच तर आई ओवा चावायला द्यायची, वर गरम पाणी, आन् बारक्या पोराचं दुखलं तर हिंग कालवून बेंबीभोवती लावायची, झाला दवाखाना. तर अशा घरातली मी, आन् माझं सगळं आयुष्य गेलं ते लोकांच्या गॅसच्या औषधात. हसा तुम्ही ताई, मीपण पयले हसायचे.

लग्न होऊन नाशकात आले. मालक टेम्पो चालवायचे, नाशकातल्याच द्वारका चौकात पुलाखाली उभे राहायचे, भाडं मिळंल तिकडं जायचं, सामान भरायचं, उतरवायचं, जेवणाला टाईम नाय. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी वडापाव, वर परत चहा, आन् घरी आले की छाती चोळत बसायचे, म्हणायचे गॅस झालाय. आमच्या घरात सगळ्यालाच गॅस म्हणायचे. डोकं दुखलं तरी गॅस, पाठ धरली तरी गॅस, लेकीचा दहावीचा निकाल व्हता त्या दिवशी ह्यांना दरदरून घाम फुटलेला, मी म्हणलं काय झालं, तर म्हणे काय नाय, गॅस. लेक पास झाली आन् गॅस गेला. ती आता सायखेड्याला दिलीय, नदीकाठची शेती हाय, चांगलं हाय तिचं, तिची काळजी नाय मला.

मी कंपनीत लागले ती लेक शाळेत जायला लागल्यावर. कंपनीचं नाव नका टाकू तुम्ही, छोटीच हाय, पोटाचीच औषधं करतात, पाचक गोळी, चूर्ण, पुड्या. मला पयले निवडायला बसवलं. ओवा निवडायचा, जिरं निवडायचं, बडीशेप निवडायची, काडीकचरा खडा काढायचा, दिवसभर मान खाली. त्या ओव्याचा वास इतका बसतो अंगात की आंघोळ केली तरी जात नाय, बसमधी शेजारची बाई वळून वळून बघायची, आन् मालक म्हणायचे, तू घरात आली की मला न खाताच पचतं. असे बोलायचे ते. लय बोलके व्हते.

मंग कंपनीत देवरे मॅडम आल्या. सटाण्याकडच्या, औषधाचं शिकलेल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. नवीन औषध तयार करायचं काम त्यांचं. आमच्याशी एकदम शहरातलं बोलायच्या, आन् आईचा फोन आला की अहिराणी सुरू, काय शे, कसं शे, आम्ही कान देऊन ऐकायचो. त्यांना एक पुडी करायची व्हती, पाण्यात टाकली की फसफसणारी, पण आपल्या चवीची, जिऱ्याची, पादेलोणाची, हिंगाची. दिसायला सोपं हाय ते. पण नाय हो. पयली केली ती एवढी फसफसली की ग्लासातून टेबलावर, टेबलावरून मॅडमच्या ओढणीवर. दुसरीला साबणाची चव आली. एक चांगली जमली तर पावसाळ्यात तिचा पुडीतल्या पुडीत दगड झाला. परत पयल्यापासून. आम्ही बाया हसायचो, मॅडम नाय हसायच्या, लिंबूसत्त्व कमी करायच्या, सोडा वाढवायच्या, परत ढवळायच्या.

आन् ती पुडी काम करती का नाय हे कळायचं कसं, तर आमच्या पोटावर. दर शुक्रवारी आम्हा चार-पाच बायांना कॅन्टीनमधी वेगळं जेवण. मुद्दाम जड असायचं. वालाची उसळ, बटाटेवडे, वरून झणझणीत रस्सा, खा म्हणायच्या पोटभर, फुकटच हाय. मंग पुडी प्यायची आन् बाकड्यावर बसायचं, आन् मॅडम येऊन एकेकीला विचारणार, जड वाटतंय का, जळजळतंय का, ढेकर आली का, आंबट आली का साधी. पयल्या शुक्रवारी आम्हाला लाजच वाटली, बाईमाणसानं काय असं चारचौघांत ढेकर द्यायची, आन् पलीकडं मॅनेजर उभा. पुढं पुढं सवय झाली. एक जण ढेकर द्यायची आन् बाकीच्या हसायच्या. बाकीच्या बाया सारखं छान हाय मॅडम, मस्त हाय मॅडम, असं करायच्या, मला तसं जमत नाय, पोटात असंल तेच तोंडात, म्हणून मॅडमनी मला ठेवलंच कायमचं. कधी कधी दोन-तीन पुड्या घरी द्यायच्या, म्हणायच्या, घरचं जेवण जेवून घ्या आन् सांगा कसं वाटतं.

तर त्या मालक घ्यायचे. मी कशाला घेऊ, मला कुठं काय व्हतं. ते खिशात टाकून न्यायचे द्वारकेला, तिकडं बाकीच्या ड्रायव्हर लोकांना दाखवायचे, म्हणायचे बाजारात यायच्या आधी आमच्या घरात येतं हे. आन् गल्लीतली माणसं पण यायची पुडी मागायला, आमच्या घराला गॅसवाल्या बाईचं घरच म्हणायचे.

आता सांगते ते. सकाळची वेळ व्हती, मी कामावर, अकरा वाजले असतील, मालकांचा फोन आला. म्हणाले छातीत भरून आलं व्हतं गं, गॅस झाला व्हता, तुझी नवीन पुडी घेतली, एवढी मोठी ढेकर आली, आता मोकळं वाटतंय. मी म्हणलं, मंग सावलीत बसा जरा, आन् लगेच चहा नका घेऊ. बरं म्हणाले. फोन ठेवला. मी तशीच उठून मॅडमकडं गेले, म्हणलं मॅडम, ह्या वेळची पुडी जमली, आमच्या ह्यांना ढेकर आली. मॅडम लय खूष झाल्या, त्या दिवशी हसल्या त्या, मला म्हणाल्या, विमलताई, तुमच्या तोंडात साखर पडो. आमच्यात तेच व्हतं ना, ढेकर आली म्हणजे झालं. सगळं कामच ढेकरेवर चालायचं.

दुपारी परत फोन, ह्यांच्याच नंबरवरून, पण बोलणारा दुसराच माणूस. द्वारकेच्या ड्रायव्हर लोकांनी ह्यांच्याच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं व्हतं. मी पोचले तव्हा सगळं संपलं व्हतं. डॉक्टर चांगला व्हता, खाली बसून बोलला माझ्याशी, म्हणाला बाई, हार्ट व्हतं ते, गॅस नव्हताच, सकाळीच आणायला पाहिजे व्हतं. मी म्हणलं, पण ढेकर आली व्हती. ढेकर कुणालाही येते म्हणाला.

मला कुणी बोललं नाय. सासरचं नाय, लेक नाय, कुणीच नाय. मीपण स्वतःला बोलत नाय, पुडीत विष नव्हतं आन् माझ्या मनात पाप नव्हतं. पण मला रडू येईना. बाया गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. शेजारनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, कडू घास म्हणतात तो, घास तोंडात घातला, चावला, गिळला, कडू नाय का गोड नाय. लेक म्हणाली आई, सायखेड्याला चल. मी म्हणलं तिथं येऊन काय करू. तेरावं झालं आन् मी कामावर गेले.

शुक्रवार आला. वालाची उसळ जेवले, पुडी घेतली, बाकड्यावर बसले. मॅडमनी विचारलं, विमलताई, जड वाटतंय का. मी म्हणलं नाय. जळजळ. नाय. ढेकर. नाय. पुढच्या शुक्रवारी तेच. मॅडमला वाटलं औषध चांगलं झालं, पण त्या हुशार, त्यांच्या कामात तशी रीतच हाय म्हणे, एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला न सांगता औषधच घातलं नाय, नुसतं जिऱ्याच्या वासाचं पाणी दिलं. बाकीच्या बाया पोट धरून बसल्या, एकजण तर पडून राहिली. मी तशीच. काय नाय म्हणलं. मंग मॅडम माझ्या शेजारी बाकड्यावर बसल्या, हळू विचारलं, विमलताई, तुम्हाला भूक लागते का? मी म्हणलं नाय. कधीपासून? मी म्हणलं, तुम्हाला माहिती हाय कधीपासून. मॅडम रडल्या. मी बघत राहिले. मला वाईट वाटायला पाहिजे व्हतं पण नाय वाटलं, खरं सांगते, भिंतीला कसं वाटंल तसं.

मला त्यांनी पॅकिंगला टाकलं. बरोबरच हाय, ज्या पोटाला कळत नाय ते पोट त्यांच्या काय कामाचं. घड्याळात एक वाजला की जेवायचं, आठ वाजले की जेवायचं, असं चाललं व्हतं. पुडी तयार झाली, बाजारात गेली, चालते चांगली. मी मॅडमला एवढंच म्हणलं व्हतं, वर छापा काहीतरी छातीचं. त्या भांडल्या वरच्या लोकांशी आन् छापून घेतलं, छातीत दुखणं, घाम येणं, असं असंल तर आधी डॉक्टरला दाखवा. पण बारीक अक्षर हो. ज्याच्या छातीत दुखतंय तो काय चष्मा लावून वाचत बसणार हाय का.

म्हणून मंग मी तोंडानंच विचारायला लागले. गल्लीतलं कुणी आलं, पुडी द्या म्हणलं, की मी आधी दारातच, कुठं दुखतंय, घाम आला का, हात जड झाला का, जबडा दुखतोय का, दम लागतो का. माणसं कंटाळली. पुडी मागितली तर डॉक्टरीणबाई चौकशी करते म्हणाले. कुणी येईनासं झालं. मीपण म्हणलं नका येऊ.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट, रविवार व्हता, शेजारचे पगारे भाऊ आले दुपारी. वॉचमन व्हते, आता घरीच असतात. मटण खाल्लेलं, छाती चोळत, कपाळावर घाम, म्हणाले वैनी, पुडी द्या. ते चोळणं बघितलं मी. म्हणलं पुडी नाय. म्हणे असं काय करता, डबाभर असतात तुमच्याकडं. म्हणलं हायेत, पण देणार नाय, दवाखान्यात चला. ते लय चिडले, मला नाय नाय ते बोलले, मी रिक्षा बोलावली, त्यांच्या बायकोला बसवलं, त्यांना हाताला धरून आत ढकललं, आन् मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले. दवाखान्यात त्यांना आत घेतलं, मला म्हणाले तुम्ही जा. घरी आले, बसले, रात्रभर तशीच बसले. काय वाटलं ते सांगता येत नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पगारे भाऊ चालत आले. दारात उभे राहून मोठमोठ्यानं बोलायला लागले, सगळी गल्ली गोळा झाली. म्हणे छातीला वायरी लावल्या, दोनदा रक्त काढलं, रात्रभर एका कण्हणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी झोपवलं, पैसे गेले ते गेले, आन् सकाळी डॉक्टर सांगतो काय नाय, नुसता गॅस हाय. एका पुडीचं काम व्हतं, वैनी. त्यांची बायको मागून त्यांचा शर्ट ओढत व्हती.

मी म्हणलं, भाऊ, काय सांगितलं डॉक्टरनी?

नुसता गॅस.

मी म्हणलं, परत सांगा.

ते बघायलाच लागले माझ्याकडं. मंग आवाज खाली आला त्यांचा. म्हणाले, नुसता गॅस व्हता, वैनी.

ते गेले. मी आत आले, आन् पोटात काहीतरी झालं. मला आधी कळलंच नाय काय ते, मी म्हणलं पोट दुखतंय का काय. भूक व्हती ती. सकाळची भाकरी व्हती, ठेचा व्हता, कांदा फोडला आन् उभ्यानंच खाल्लं, ताट पण घेतलं नाय, एक खाल्ली, दुसरी खाल्ली, ठेचा तिखट व्हता, तिखट लागला मला. पाणी प्यायले. आन् ढेकर आली, मोठी. मंग मी चुलीजवळ खाली बसले आन् रडले. एवढी रडले की पगारेवैनी पळत आल्या, त्यांना वाटलं त्यांच्या मालकाचं बोलणं मनाला लागलं. मी म्हणलं नाय हो, ढेकर आली. त्यांना काय कळलं नाय. कसं कळंल.

एवढंच हाय. रोज भूक लागते असं नाय. कधी लागते, कधी घड्याळ बघून जेवते. मॅडमला सांगितलं नाय अजून, त्या लगेच बाकड्यावर बसवतील, नवीन गोळीचं काम चाललंय त्यांचं. सांगीन. लेक म्हणते आई, आता तरी ये, तिला म्हणलं तुमच्या शेतातली द्राक्षं निघाली की येते. तुम्ही चहा घ्या ना, गार झाला, आन् उपाशीपोटी नका घेऊ, हे बिस्कीट घ्या बरोबर. तुम्ही लांबून आलात, माझं ऐकून घेतलं, तुम्हाला मी काय देणार. खाल ते जिरो तुम्हाला. आन् कधी छातीत दुखलंच, तर पुडी मागू नका, दवाखान्यात जा, आन् तिथं डॉक्टर चिडून म्हणो, काय बाई, नुसता गॅस व्हता.