नवरदेवाच्या गाडीमागं

उंब्रजच्या एका निवृत्त सुभेदारांना मी मंगल कार्यालयाचं पार्किंग आखून दिलं, तेव्हाची गंमत.

नकाशा बघून ते म्हणाले, "आवं साहेब, मधी एवढी जागा मोकळी का सोडली?"

"गाड्या बाहेर काढायला."

"व्हय व्हय," म्हणाले. मला वाटलं, पटलं.

पहिल्याच लग्नाला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. स्वतः शिट्टी वाजवत माझी गाडी पार आत, भिंतीला लावून घेतली. विश्रामबागेत त्याच दिवशी मेहुणीचा साखरपुडा होता, म्हणून अक्षता पडताच मी बाहेर आलो. बघतो तर मधल्या जागेत गाड्यांच्या रांगा, अगदी परेडला उभ्या केल्यासारख्या.

"सुभेदार, ही तर वाट होती."

"लय पाव्हणं आलं. रिकामी जागा दिसताना माघारी कसं धाडायचं?"

"आता माझी गाडी कशी निघणार?"

"फाटकाजवळची निघाली, की मागनं सगळ्या निघत्यात."

"ती कुणाची?"

"नवरदेवाची. वरात निघाली, की तुमी मोकळं. तवर जेवून घ्या."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "निघालात का?"

"नवरदेव निघाला, की निघतोच."

ती म्हणाली, "इथला नवरदेव कधीचा येऊन बसलाय."