टोपलीची उलटी वीण

तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. खिडकीवर जागतिक स्पर्धेचं नवं बोधचिन्ह झळकत होतं.

“आई, वर बघ ना! माझंच चित्र निवडलंय. आपल्या टोपलीची वीण!”

“अगंबाई! पण ही उलटी गं. सगळे उजवीकडे वळवतात.”

“तुझी टोपली समोर ठेवूनच काढली.”

“अगं मेले, मी डावखुरी! वीण बिघडवते म्हणून तुझ्या आजोबांनी जन्मभर बोल लावले मला. जग हसेल! सुलट करायला सांग.”

“खाली काय लिहिलंय ते तर ऐक. ‘आमच्या पूर्वजांची वीण, जशीच्या तशी.’”

“काय? पुन्हा वाच.”

“‘आमच्या पूर्वजांची...’”

“अशी पुटपुटू नकोस, मोठ्यानं वाच! आजोबा तिकडे बाकावर बसलेत, त्यांना ऐकू जाऊ दे!”