फटफटीला चारलेली डाळ

माझं माहेर चांदनीचं. स्टेशनाच्या पल्याड घर, बापाचा कापूस अन् केळी, मी त्यांची थोरली. सासर हे, बुऱ्हानपुरातलं, शनवाऱ्यातलं. मधात आगगाडी आहे, पण मला न्यायला फटफटी आली, तीच गोष्ट ऐकायला बसलात ना तुम्ही, मंग पहिले चहा घ्या.

आमचे हे एका संस्थानात राजाच्या मोटारखान्यात होते. देश आझाद झाला, संस्थानं विलीन झाली, राजाचे हत्ती गेले, घोडे गेले, मोटारी विकल्या, अन् कोपऱ्यात राहिली एक विलायती फटफटी, दोन सिलिंडरची, बाजूला पाळण्यावानी सीट लावलेली. ती कुणाच्यानं चालूच होईना. तर राजा ह्यांना म्हणे, तूच घेऊन जा रे, ती तुझंच ऐकते. मंग हे तिच्यावर बसून गावी आले अन् शनवाऱ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं.

स्थळ आलं तर अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणे ज्याचा राजा गेला त्याला पोरगी कोण देतो. आत्यानं दुसरं स्थळ तयारच ठेवलेलं होतं, केळीच्या बागावालं. पण मला हेच पसंत होते, आता या वयात लाजू कशाला. त्याच फटफटीवर पाहायला आले तेव्हा अप्पांनी विचारलं, हिला दोन सिलिंडर काहून? झालं, हे रंगात आले. म्हणे विलायतेत ह्या बनवणारे पहिले दुसरंच करत, कुणी सुया, कुणी बंदुका, कुणी सायकली. मंग सायकलीला इंजन बसवलं, एकटा सिलिंडर हादरे बहुत देई, म्हणून त्याला जोडीदार दिला. एक रुसला तरी दुसरा घरी पोचवतो. हे मी दाराआडून ऐकलं, अन् तिथंच माझं ठरलं. अप्पा शेवटी हो म्हटले, पण बजावून, का मुहूर्त टळला तर त्याच मांडवात पोरगी दुसऱ्याला देईन.

आता आमच्याकडे रिवाज असा, नवरदेव घोडीवर बसला का बहिणीनं घोडीला भिजवलेली चण्याची डाळ अन् गूळ चारायचा. घोडी कुठं होती? पण माझी नणंद, जिजी, बहुत भोळी बाई. रिवाज मोडून भावाला अपशकुन कसा करू म्हणे. हे फेटा बांधायला आत गेले, तिनं पाहिलं का इंजनाला दोन तोंडं आहेत, कार्बोरेटरची, दर सिलिंडरला एक, अन् एकात मूठभर डाळगूळ कोंबला. दुसऱ्यात कोंबणार तेवढ्यात हे आले, म्हणून वाचलो.

वऱ्हाड रेल्वेनं पोचलं. हे अन् जिजी फटफटीवर, ते काही येईनात. भटजी घड्याळ पाहे, आत्या अप्पांच्या कानाशी लागे, अन् ते बागावाले नवा फेटा बांधून पुढंच बसलेले. काय सांगू तुम्हाला, मी मेंदीचे हात जोडून बसलेली. देवा, त्यांना आण, एवढंच म्हणत होते मी.

तिकडं वाटेत गाडीचा एक सिलिंडर मेला होता. जिजीनं रडत रडत सांगितलं का मी डाळ चारली. हे हसले म्हणे. खोलून साफ करायला बसले असते तर मुहूर्त गेला असता, म्हणून तसेच एकावर निघाले, चढ आला का जिजीला उतरवून ढकलायला लावत.

मंग ऐकू आलं. फट, फट, लंगडत. अप्पा मांडवाच्या दारात गेले. ह्यांचं तोंड काळं, जिजीचे पाय धुळीनं भरलेले. जिजी हात जोडून म्हणे, मामा, चूक माझी, मी घोडीला डाळ चारली. सारा मांडव हसला. अप्पा नाही हसले. त्यांनी विचारलं, मंग आलात कसे?

हे म्हणे, दुसऱ्यानं पोचवलं.

अप्पांनी स्वतःच्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं अन् भटजीला म्हटलं, धरा अंतरपाट.

पुढं विलायतेतले ते कारखानेबी एक एक करत बंद पडले, सामान मिळेना. राजा गेला तेव्हा रडले नव्हते, पण ते ऐकून हे दिवसभर जेवले नाहीत. आता हेबी नाहीत. गाडी ओसरीत आहे. माझं एकावर चाललंय, हादरे बसतात, पण पोचेन.

तुमचं लग्न व्हायचंय ना बेटा? जोडीदार चांगला मिळो. अन् घोडी असो का फटफटी, डाळ जरूर चारा. फक्त चाकापुढं ठेवा.