रानात बसलेले न्हावी

...आणि वर मलाच म्हणतात, "अगं, आपण सेवेला आलोय." घ्या. हे एक वाक्य आमच्या ह्यांच्या तोंडी असं बसलंय ना, तुम्हाला सांगते, त्यापुढे माझं काही चालतच नाही. नळाला पाणी नाही? सेवेला आलोय. आठवडाभर ऊन नाही, अख्ख्या घरात ओले मोजे लोंबतायत, जेवताना धाकट्याच्या ताटात एक पडला? सेवेला आलोय. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थ म्हणाले होते, मुलगा मिशनरी आहे, परदेशात असतो. आईने त्यातलं 'परदेशात' तेवढं ऐकलं. गावभर सांगत सुटली. आता फोनवर विचारते, "काय गं, मोठं घर आहे ना?" काय सांगू? दोन खोल्या, खाली उपासनेचा हॉल, आणि तो हॉल म्हणजे पूर्वीचं बुटांचं गोदाम, अजून प्रार्थनेला डोळे मिटले की चामड्याचा वास येतो.

हॉलला लागून एका न्हाव्याचं दुकान. मला खरं त्या न्हाव्याचंच सांगायचंय, पण आधी भाषेचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. तर इथल्या भाषेत 'मेंढपाळ' आणि 'न्हावी' हे दोन शब्द म्हणजे जुळे भाऊ. मधला स्वर आखूड म्हटला की मेंढपाळ, लांबवला की न्हावी. आणि आमच्या ह्यांना पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट ताणायची सवय.

पहिले कित्येक महिने उपासनेला आम्ही चौघंच. हे बोलायचे, आम्ही ऐकायचो. म्हणजे घरात चालतं तेच, फक्त इस्त्रीच्या कपड्यात. मग एका रविवारी ह्यांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. मेंढपाळ बाकीचा कळप तसाच सोडून त्या एकाला शोधायला निघतो, तो. दार उघडं होतं, आणि शेजारचा न्हावी बाहेर सिगारेट ओढत उभा. हे आतून इथल्या भाषेत गळ्याच्या शिरा ताणून सांगतायत, आणि त्या माणसाने सिगारेट विझवली, टोपी काढली आणि आत येऊन शेवटच्या बाकावर बसला. ह्यांना आनंद किती व्हावा? त्या दुपारी दोनदा जेवले. पुढच्या रविवारी तो कोट घालून आला आणि थेट पहिल्या बाकावर. त्याच्या पुढच्या रविवारी बरोबर दोन गिऱ्हाइकं. मग आणखी. बघता बघता हॉल निम्मा भरला, आणि सगळी मंडळी कशी, मान साफ, कल्ले सरळ, एकाचा केस वाढलेला दिसेल तर शपथ. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "अहो, सगळे एकाच छापाचे कसे हो?" तर हे, "अगं, आपण सेवेला आलोय, लोकांची डोकी काय बघतेस?"

मुलांना इथल्याच शाळेत घातलेलं. थोरली तर वर्षभरात त्या भाषेत भांडायला लागली, म्हणजे भाषा आलीच म्हणायची. एके दिवशी ती जेवताना मोठ्याने धडा वाचत होती. धडा मेंढ्यांचा. हे लगेच मास्तर. "नीट म्हण बाळा. तो स्वर लांबव जरा."

"बाबा, लांबवला की न्हावी होतो."

"काय होतो?"

"न्हावी. केस कापतो तो. तुम्ही उपासनेत म्हणता ना, तो."

तुम्हाला सांगते, ह्यांचा घास हातातच राहिला. मग एकेक संदेश आठवायला लागले. कळप सोडून हरवलेल्याला शोधत निघालेला न्हावी. आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने ओळखणारा न्हावी. येशू जन्मला त्या रात्री रानात बसलेले न्हावी आणि त्यांना दिसलेला देवदूत. अहो, एवढे न्हावी रात्री रानात काय करत बसले असतील, असा प्रश्न एकालाही पडू नये?

मी थोरलीला म्हटलं, "तू आधी का नाही सांगितलंस गं?"

ती म्हणते कशी, "मला वाटलं बाबा मुद्दाम म्हणतात. त्या काकांना बरं वाटावं म्हणून."

आणि तिथेच तर सगळी गोम होती. त्या माणसाची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक, आणि तो मुलगा सासरी सांगतो की माझे वडील दुकानदार आहेत. न्हावी म्हणायची लाज वाटते त्याला. हे त्यानेच मला जिन्यात थोरलीकरवी सांगितलं होतं, हसत हसत, पण टोपी हातात चुरगाळत. आणि अशा माणसाला कुणीतरी परका येऊन दर रविवारी सांगतोय की देव कसा आहे, तर न्हाव्यासारखा आहे. मग तो गिऱ्हाइकांना ओढून आणणार नाही तर काय?

मी ह्यांना म्हटलं, "अहो, राहू द्या. कुणाचं काय बिघडतंय?"

हे म्हणाले, "त्याला चुकीच्या शब्दावर बसवून ठेवू? उद्या त्याला दुसऱ्याकडून कळलं तर?" आणि मग हळूच, "तू येशील का गं बरोबर?"

आता सेवेला आलोय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? निघाली वरात. हे, मी आणि पुन्हा स्वर लांबायला नको म्हणून दुभाषी थोरली. दुकानात गेलो तर त्याने "या या" म्हणत ह्यांना सरळ खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, तोंडाला फेस फासला. झालं. ह्यांना तोंड उघडायला जागाच नाही. वस्तरा गालावर टेकला तसे हे डोळे मिटून, फेसातून, एका दमात सगळं बोलले. थोरलीने भाषांतर केलं. आधी आखूड शब्द म्हटला, मग लांब.

न्हाव्याचा हात थांबला. बाकावरचं गिऱ्हाईक पेपराआडून बघायला लागलं.  त्याने वस्तरा पुसला, आरशातून ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मेंढपाळ?"

"हो," हे म्हणाले. "माझी चूक झाली. मी रविवारी सगळ्यांसमोर सांगेन."

तो पट्ट्यावर वस्तरा घासत राहिला. मग म्हणाला, "मेंढ्यांची लोकर कोण कापतं?"

थोरलीने भाषांतर केलं. ह्यांनी विचार केला. "मेंढपाळच कापतो."

"सगळ्या कळपाची?"

"सगळ्या कळपाची."

"मग झालं की," तो म्हणाला. "माझाच धंदा. सरळ बसा."

आणि ह्यांना इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की ह्यांनी जोरात मान डोलावली. वस्तरा मिशीच्या कडेला असताना. रक्त नाही आलं, पण अर्धी मिशी गेली. मग उरलेलीही काढावी लागली. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांचा वरचा ओठ बघितला, तो इतका पातळ असेल असं काही वाटलं नव्हतं. हे आरशात बघत राहिले आणि मला म्हणाले, "अगं..." मी म्हटलं, "माहितीये. सेवेला आलोय."

रविवारी ह्यांनी चूक सांगितली. मंडळी पोट धरून हसली आणि पहिल्या बाकावरच्या न्हाव्याने मागे वळून सगळ्यांना लोकरीचं समजावून सांगितलं. एकही जण कमी झाला नाही. त्याचा तो मुलगासुद्धा एकदा येऊन गेला, बापाशेजारी बसला. आणि जाताना दुकानात केस कापून घेऊन गेला.

इथे थांबलं असतं तर किती छान झालं असतं? पण न्हाव्याने मनावर घेतलं. "तुमची भाषा सुधारली पाहिजे," म्हणाला, "रोज संध्याकाळी दुकानात बसत जा." हे बसायला लागले. आणि सलूनमध्ये बोलायला काय कमी असतं का हो? सहा महिन्यांत अशी जीभ सुटली ह्यांची... पूर्वी कसं, माहीत असलेले शब्द वीस मिनिटांत संपायचे आणि आमेन. आता शब्द संपतच नाहीत. सव्वा तास. परवा तर न्हावीच पहिल्या बाकावर घोरला. नंतर जिन्यात मला गाठून म्हणतो, "बाई, जरा जास्तच शिकवलं गेलं हो माझ्याकडून."

 हल्ली मी त्याच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवते. ज्याला आधी डुलकी लागेल त्याला दुसऱ्याने कोपराने ढोसायचं, असं ठरलंय आमचं.