तलावाच्या पाळीला हात लावू नका

सार्वजनिक धोरण शिकून मी काय दिवे लावले, असं तुम्ही सारखं विचारता ना, मग ऐकाच.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्पासाठी धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात गेलो होतो. तिथे दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस घमेलं घेऊन यायचा आणि तलावाच्या पाळीवर माती टाकायचा. मी ग्रामसभेत ऐटीत सांगितलं, "हे अशास्त्रीय आहे. आधी इंजिनीअरची पाहणी होऊ द्या, तोवर पाळीला हात लावू नका." हेच लिहिलेल्या माझ्या अहवालाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

परवा शेवटच्या वर्षाच्या तलाव सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन पुन्हा तिथेच गेलो, तर पाळ फुटलेली आणि तलावात बकऱ्या चरत होत्या. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काकाजी, माती टाकणं काऊन बंद केलं?"

"तुमीच त सांगतलं होतं, बाबू. तवापासून इंजिनेरची वाट पाहून राहिलो."

"तो आलाच नाही?"

"नाई. तुमीच आले."

मी तिथूनच आमच्या सरांना फोन लावला. "सर, तलाव माझ्यामुळे गेला. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"अरे, तसा पर्यायच नाही फॉर्ममध्ये. दिलेल्यातलाच एक निवड."

मी 'लोकसहभागाचा अभाव' यावर खूण केली. काकाजींनी न वाचताच खाली सही केली आणि फॉर्म परत देताना विचारलं, "आता त येईल ना इंजिनेर?"